तिसऱ्या पिढीचा फॉर्म

गरिबी पिढ्यान्‌पिढ्या का टिकते याचा अभ्यास अगाता दुंकोवाच्या वस्तीत चाळीस वर्षं चालला होता, आणि गरिबीइतकाच तोही चिवट निघाला. स्लोवाकियाच्या पूर्व टोकाला, गावाबाहेर ओढ्याकाठी ही रोमा लोकांची, गावानं कायम दूर ठेवलेल्या जमातीची वस्ती. पहिल्या फेरीत अगाताच्या आईला प्रश्न विचारले, दुसऱ्या फेरीत अगाताला. पुढे तीच फॉर्म घेऊन दारोदार हिंडू लागली, कारण बाहेरच्या माणसाला इथं कुणी दार उघडत नसे. आता पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, आणि प्रश्न तेच. आईचं शिक्षण किती? पाणी कुठून आणता?

"नळ आला नाही, एवढं लिही आणि चालती हो," म्हातारी व्हेरोना दारातूनच ओरडली. "दर वेळी तेच विचारतेस, लाज नाही वाटत?"

"मला कशाला वाटेल? नळ काय मी खिशात घालून हिंडते?"

या फेरीत तिसरी पिढी मोजायची होती, आणि यादीत अगाताची मुलगी रेनाताही होती. वस्तीतल्या पोरांची परीक्षा सहाव्या वर्षी स्लोवाक भाषेत व्हायची. पोरांना येई फक्त घरची रोमा बोली, मग त्यांची रवानगी मंदबुद्धींच्या शाळेत. अगाताही तिथलीच. रेनाताला मात्र तिनं भांडूनतंटून गावच्या शाळेत घातलं. पोर नर्स झाली, दूरच्या शहरात लग्न करून राहिली. सासरी तिनं आपण रोमा असल्याचं लपवून हंगेरियन असल्याचं सांगितलं होतं.

"आई, त्या अभ्यासवाल्यांचं पत्र या घरी आलं तर मी संपले," रेनाता फोनवर म्हणाली. "टपाल सासूच उघडते."

"मग लिहिते, पत्ता माहीत नाही."

"त्यानं काय होतंय? पत्ता नसला की ते सरकारी दप्तरातून शोधून काढतात, हे तूच सांगायचीस ना?"

खरंच होतं ते. शोध एकाच चौकटीत फुली मारल्यावर थांबायचा. अगातानं दोन दिवस काढले आणि ती फुली मारली. वस्तीतून वर चढलेली एकुलती एक पोर अशी अभ्यासातून वजा झाली.

अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर झेल्मीरा फॉर्म न्यायला आल्या. बाई मनानं चांगल्या. वीस वर्षं अगाताच्या हातची भाकरी मोडून खात आलेल्या. रेनाताचा फॉर्म उलटताना त्यांचा हात थांबला. फुली 'मृत' या शब्दापुढे होती.

"अरेरे, अगाताबाई! आपली रेनाता?" त्यांनी तिचा हात धरला. "इथं सगळ्यांना होतं ते छातीचंच दुखणं का?"

अगातानं आजार ठरवून ठेवला होता, तारीख पाठ केली होती. बाई खोदून खोदून विचारतील या भीतीनं सकाळपासून ती ते घोकत होती.

"हो," ती म्हणाली. "छातीचंच."

डॉक्टरबाईंनी तसं लिहिलं, वय एकतीस घातलं, आणि उसासा टाकून पुढचा फॉर्म उचलला.

पोर सुटली होती. अगाताला हायसं वाटायला हवं होतं. पण तिच्या अंगाची लाही लाही झाली. एकतिसाव्या वर्षी तिची धडधाकट पोर मेली, आणि उभा जन्म या वस्तीचा अभ्यास केलेल्या बाईला त्याचं जराही नवल वाटलं नाही! ती हमसून हमसून रडायला लागली, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

"रडा, मोकळ्या व्हा," डॉक्टरबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "तुमच्याकडे दर वर्षी एखादं असं जातंच."

"जातं खरं," अगाता म्हणाली, आणि डोळे पुसून त्यांच्यासाठी कॉफी ठेवायला उठली.