बेसमेंटमधला निनावी कवी

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ते दाराशी काढलेल्या चपलांसारखे साठत जातात आणि एक दिवस दारच उघडेनासं होतं. आमच्या ओहायोतल्या डब्लिनच्या वाचनकट्ट्याचे किस्से माझ्याकडे इतके झालेत, की आता थोडे बाहेर काढायलाच हवेत.

कट्टा म्हणजे विद्याधरकाका आणि नलूकाकूंचं बेसमेंट, रविवारची दुपार, रिटायर्ड मंडळी आणि चहा. मी कोलंबसला मध्ययुगीन इंग्रजी कवितेवर पीएचडी करते. आईने मला न विचारता काकूंना सांगून टाकलं, "येईल की ती बोलायला!" झालं. तेव्हापासून मी या लोकांना सहाशे वर्षांपूर्वीचा एक इंग्रज कवी समजावते आणि ते मला आयुष्य समजावतात!

*

पहिलाच दिवस.

"कवीचं नाव काय?" विद्याधरकाकांनी विचारलं. काका सिव्हिल इंजिनियर, जन्मभर ओहायोतल्या पुलांची तपासणी केलेले. माणसांचीही तशीच करतात.

"माहीत नाही, काका. कोणालाच माहीत नाही."

"आडनाव?"

"नावच नाही तर आडनाव कुठलं!"

"बरं. गाव?"

मला हायसं वाटलं. "बोलीवरून अंदाज येतो. इंग्लंडच्या वायव्य भागातला असावा. राजधानीतल्या माणसाला त्याची भाषा धड कळली नसती."

"म्हणजे आपला नागपूरचाच की यार!" मागून निखिल ओरडला. निखिल आयटीवाला, कट्ट्यावरचा माझ्याशिवाय एकमेव तरुण. येतो तो साबुदाणा वड्यांसाठी. त्या दिवसापासून आमचा कवी नागपूरकर झाला.

*

या कवीची मानली जाणारी एक कविता अशी. एका बापाची मुलगी गेली आहे, दोन वर्षांचीही नव्हती. तो तिच्या थडग्यावर झोपी जातो. स्वप्नात एक नदी दिसते. पलीकडच्या काठावर ती उभी, डोक्यावर मुकुट.

ती मुलगी खरी होती, की कवितेसाठी रचलेली? माझा सगळा प्रबंध या प्रश्नावर उभा आहे. माझं म्हणणं, रचलेली. माझ्या प्रोफेसर बाईंनी सेमिस्टर संपेपर्यंतची मुदत दिली आहे. नीट सिद्ध कर, नाहीतर विषय बदल.

"खरी होती," काका म्हणाले.

"पुरावा?"

"वाचल्यावर कळतं."

"काका, वाचल्यावर काय, काहीही कळतं!"

दर बैठकीला हेच भांडण. काकू मात्र कधी मध्ये पडल्या नाहीत. चहा ओतायचा, ऐकायचं, बस.

*

शैलामावशी बालरोगतज्ज्ञ. निवृत्त झाल्या, पण राउंड संपलेला नाही.

"मृत्यूचं कारण?"

"तो लिहीत नाही, मावशी."

"ताप? जुलाब? गोवर?"

"त्या काळात प्लेगच्या साथी यायच्या. पण इथे काहीच सांगितलेलं नाही."

"वजन?"

"मावशी, कविता आहे!"

"असेल. माझ्या रेसिडेंटने अशी हिस्टरी आणली असती, तर मी त्याला वॉर्डात परत पाठवलं असतं!"

*

या कवितेची हस्तलिखित प्रत जगात एकच आहे. ती ज्या ग्रंथसंग्रहात होती त्याला पुढे आग लागली, तरी ती वाचली. मी हे फार भारावून सांगत होते.

निखिलने कपाळाला हात लावला. "एकच कॉपी? बॅकअप नाही? आणि वर आग? आमच्याकडे एवढ्यावर अख्खी टीम घरी बसवतात!"

*

आता माझा आवडता भाग. ती मुलगी नदीपलीकडून बापाला चक्क झापते. बाप म्हणतो, तुला साधी प्रार्थनासुद्धा येत नव्हती, पहिल्याच दिवशी राणी कशी झालीस? तर ती म्हणते, तुला काही कळत नाही, ऐक. सहाशे वर्षांपूर्वी! मी ही पोर ताबडतोब दत्तक घेतली.

मग ती बायबलमधली द्राक्षमळ्याची गोष्ट सांगते. मळा म्हटल्यावर दोन नाशिककर सरसावून बसले. मालक सकाळी मजूर लावतो, दुपारी लावतो, अगदी संध्याकाळीही लावतो. मजुरी सगळ्यांना सारखी, आणि शेवटी आलेल्यांना आधी.

निखिल ताडकन उठला. तो ग्रीन कार्डच्या रांगेत कधीपासून आहे हे विचारायचं नाही, असा कट्ट्याचा नियम आहे.

"शेवटी आलेल्यांना आधी? आणि आम्ही सकाळपासून उभे आहोत ते?"

"आमच्या वेळी बाई एवढी रांगच नव्हती," शैलामावशी म्हणाल्या. हे नेमकं बोलायचं नव्हतं! बेसमेंट पेटलं. मी ओरडतेय, "अहो, हे स्वर्गाबद्दल आहे!" पण ऐकतो कोण.

शेवटी निखिल वडा तोडत म्हणाला, "ते राहू दे. त्या संध्याकाळवाल्यांचा लॉयर कोण होता, तेवढं सांग."

*

गेल्या रविवारी मी काकांना गप्प करायचं ठरवूनच गेले होते.

"काका, मुलगी दोन वर्षांची व्हायच्या आत गेली, मान्य? मग नदीकाठी ती तरुण कशी? बोलते, वाद घालते. खऱ्या बापाला ती स्वप्नात होती तेवढीच दिसली असती, रांगणारी, बोबडी. ही मोठी कधी झाली? म्हणजे रचलेली. संपला विषय!"

काका उठले आणि खुर्च्या मिटायला लागले. मी जिंकले होते! निखिलने मला लांबूनच टाळी दिली.

सगळे गेल्यावर मी वर स्वयंपाकघरात कप पुसत होते. काकू विसळत होत्या. काका-काकूंना एकच मुलगा, तो तिकडे ॲरिझोनात, चँडलरला असतो. सहज त्याची चौकशी केली. बरा आहे, म्हणाल्या. मग नळ बंद न करता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"आमचीही मोठी होत गेली. हल्ली स्वप्नात चष्मा लावून येते."

"कोण, काकू?"

त्यांनी पुढचा कप माझ्या हातात दिला.

"यांना फ्रेम आवडली नाही. म्हणतात, फार जाड आहे."