झाकणावरची इस्त्री

माझ्या दादाला सगळी वस्ती 'घडीवाले' म्हणते. बत्तीस वर्षं तो लोकांच्या कपड्यांना इस्त्री करतोय, आणि त्याची एक खोड आहे: कपडे गरम असतानाच तो गठ्ठा बांधतो. "गार झाल्यावर बांधलं की घडी बसत नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. दिवसभरात एवढं एकच बोलला तरी खूप झालं. लग्न केलं नाही, मित्र जोडले नाहीत. जोडला तो एक साप.

वरच्या मजल्यावरचा भाडेकरू खोली सोडून गेला, तो हा साप काचेच्या पेटीसकट आमच्या गळ्यात मारूनच. बिनविषारी, हातभर लांब, विटकरी रंगाची मादी. मी चिडून तिला 'बाईसाहेब' म्हणायचे, तेच नाव चिकटलं. दुकान बंद केलं की दादा तिला मांडीवर घेऊन बसायचा आणि माझ्याशी महिन्यात बोलला नसेल एवढं तिच्याशी बोलायचा. मला राग यायचा. खोटं कशाला बोलू, हेवाच वाटायचा.

दुकानातल्या त्या पेटीचं झाकण सैल होतं, म्हणून त्यावर कोळशाची जुनी, जड इस्त्री वजनाला ठेवलेली असे. त्या दिवशी सकाळी वीज गेली. नर्सबाईंचे गणवेश दहाच्या आत हवे होते. दादा आधीच झालेल्या कपड्यांचे गठ्ठे बांधून फळीवर ठेवत होता. मी झाकणावरची इस्त्री उचलली, निखारे भरले आणि गणवेश उरकले. झाकणावर दुसरं काही ठेवावं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

गठ्ठे सायकलवरून पोचवून दादा परत आला, पेटीपाशी गेला आणि तिथेच उभा राहिला. झाकण तिरकं, पेटी रिकामी.

"काल मीच इस्त्री नीट ठेवली नसणार," तो म्हणाला.

मी ते तसंच राहू दिलं आणि शोधायला वाकले. टेबलाखाली, कोळशाच्या पोत्यामागे, मळक्या कपड्यांच्या ढिगात, सगळीकडे शोधलं. दादाचा चेहरा उतरत चालला होता. मग तो फळीपाशी थांबला.

"इथे ऊब होती," तो हळूच म्हणाला. "गठ्ठ्यांची. गाठीच्या फटीतून आत शिरली असेल."

तीन गठ्ठे, तीन घरं. दादाने स्वतःच्या हातांनी बाईसाहेबांना कुणाच्या तरी घरी पोचवलं होतं. आणि साप दिसला की लोक आधी ठेचतात, विषारी की बिनविषारी ते मग विचारतात.

आधी नर्सबाईंकडे जाऊन गठ्ठा परत बघायला मागितला. "काय घडीवाले, गणवेशात स्वतःचाच शर्ट घातलात की काय?" त्या हसल्या. दादाला धड खोटंही बोलता येत नाही. "काही राहिलंय का, बघतो," म्हणत त्याने गाठ सोडली. काही नव्हतं. दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. तिथेही नुसते पांढरे कोट.

जिना उतरताना मला राहवेना.

"दादा, इस्त्री मी उचलली होती. सकाळी."

तो थबकला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भराभरा पायऱ्या उतरून चालायला लागला आणि तिसऱ्या घरापर्यंत एक अक्षर बोलला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिसरं घर निवृत्त पहारेकऱ्यांचं. दारापाशी पोचलो तोच आतून किंकाळी आली. पहारेकरीणबाई पलंगावर चढून "मारा हो, मारा!" ओरडत होत्या. खाली चादरींचा गठ्ठा उसकटलेला. भिंतीच्या कडेने बाईसाहेब कपाटाकडे सरकत होती आणि पहारेकऱ्यांची काठी वर उचललेली होती.

"नका!" म्हणत दादाने मध्ये हात घातला. काठी त्याच्या मनगटावर बसली. हाडाचा आवाज मला ऐकू आला.

"विषारी नाही ती! माझी आहे!" दादा ओरडला. त्याला एवढ्या मोठ्याने बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं.

"तुमची? घडीवाले, डोकं ठिकाणावर आहे का?" पहारेकऱ्यांचाही आवाज कापत होता. "आत्ताच्या आत्ता उचला, नाहीतर मी सोडणार नाही."

दादाचा उजवा हात उठेना. डाव्या हाताने धरायला गेला, ती निसटून कपाटामागे शिरली. त्या फटीत त्याचा रुंद खांदा जाईना. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, पण 'तू काढ' म्हणाला नाही.

तिला मी कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी गुडघ्यांवर बसले, डोळे मिटले आणि हात आत घातला. कोरडं, गार काहीतरी बोटांना लागलं आणि माझ्या मनगटाला वेढे घालायला लागलं. मी मूठ आवळली.

"दाबू नकोस गं तिला," दादा म्हणाला. "घाबरलीय ती."

जिन्यानंतर तो पहिल्यांदाच माझ्याशी बोलला होता.

"मीपण घाबरलेय रे दादा," मी म्हणाले, आणि तिला हातात घेऊन लोकांच्या फरशीवर हमसून हमसून रडायला लागले.