युनूस मिस्त्रीने आणलेला पंप

भोसरीत नाशिक रस्त्याच्या कडेला युनूस मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. बुटका, रुंद हातांचा माणूस. स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला लावून इंजिनाचं ऐकायचा आणि तोवर गिऱ्हाइकाला गप्प बसवायचा. गाडीतून काढलेला निकामी भाग कागदात गुंडाळून मालकाच्या हातात द्यायचा, म्हणजे कुणाला शंका नको. अशा माणसाला मी भर चौकात चोर म्हणालो. ही गोष्ट छप्पन सालची आहे आणि ती सांगताना मला माझाच राग येतो.

मी लष्करात ट्रक चालवून आलेलो. त्यामुळे गाडीतलं सगळं कळतं, असा मला माज होता. खडकीच्या एका साहेबाची जुनी विलायती गाडी मी घेतली आणि भाड्याने चालवू लागलो. तिला पेट्रोल ओढणारा विजेचा पंप होता. किल्ली फिरवली की तो आधी टकटक करायचा, मग गाडी सुरू व्हायची. दसऱ्याच्या आठवड्यात ती टकटक बंद पडली. युनूसने पुण्याहून नवा पंप आणला.

"शुक्रवार आहे, नमाज पढून येतो आणि बसवतो," तो म्हणाला.

मला कुठला धीर! दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. त्या दिवशी आपण हत्यारांची पूजा करतो, त्यांना कामाला लावत नाही. म्हणून म्हटलं, "द्या इकडं. दोन नळ्या आणि दोन तारा, मी घरीच बसवतो."

युनूसने पंप दिला, वर बजावलं, "उद्धवराव, अर्थची तार लावाल तिथला पत्रा घासून उघडा करा. रंगावरून करंट जात न्हाई."

माझी बायको दुर्गाबाई शेजारीच उभी होती. तिनेही ऐकलं.

आता माझं शहाणपण ऐका. पूजेला गाडी देखणी दिसावी म्हणून मी त्याच सकाळी बॉनेटच्या आतसुद्धा हिरवा ऑइलपेंट मारला होता. लोकांनी बॉनेट उघडून बघावं आणि वाहवा करावी, एवढीच हौस. अंगणात बसून पंप लावला, नळ्या आवळल्या आणि अर्थच्या तारेशी आलो. कोवळ्या रंगावर पॉलिश कागद फिरवायला हात धजेना. तार तशीच रंगावर आवळून टाकली. इंजिन तापून रंगाला फोड येतील म्हणून किल्लीही फिरवून पाहिली नाही. तोवर दुर्गाबाईने पान्हे धुवून पाटावर मांडायला नेले होते.

दसऱ्याला दौलतरावांच्या घरचं भाडं होतं. त्यांचे तीन ट्रक, भोसरीत त्यांच्या शब्दाला वजन. पहिली किल्ली त्यांच्यासमोरच फिरवायची म्हणून मी गाडी पोरांकडून ढकलत चौकात आणली होती. सगळं कुटुंब नव्या कपड्यांत गाडीत बसलं, चौक बघायला जमला. मी ऐटीत किल्ली फिरवली. टकटक नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा नाही. चार जणांनी ढकलली, तरी काही नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "मिलिट्रीवाल्याला जमंना वाटतं." लोक हसले.

तेवढं मला सहन झालं नाही. मी खाली उतरलो आणि मोठ्याने म्हणालो, "युनूसने जुना पंप घासूनपुसून नवा म्हणून माझ्या गळ्यात मारलाय."

दौलतरावांनी मान हलवली आणि कुटुंबाला खाली उतरवलं.

गाडी ढकलत घरी आणल्यावर दुर्गाबाई म्हणाली, "अवं, त्यांनी पत्रा घासाया सांगितलं व्हतं न्हवं?"

मी तिच्यावर खेकसलो. पण ती आत गेल्यावर तार सोडली, रुपयाएवढा पत्रा घासला, तार पुन्हा आवळली आणि किल्ली फिरवली. टकटक सुरू झाली. मी चटकन किल्ली बंद केली, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. तेव्हाच उठून चौकात जायला हवं होतं. मी जेवायला बसलो.

चौथ्या दिवशी युनूस दारात आला. सायकलने पुण्याला जाऊन आणखी एक नवा पंप घेऊन आला होता. दौलतरावांचे ट्रक त्याच्या शेडपुढून न थांबता जाऊ लागले होते, हे मला ठाऊक होतं.

"दुकानदाराशी भांडून बदलून आणला," तो म्हणाला. "काढा तो."

मी अजूनही बोललो असतो तर बरं झालं असतं. मी बॉनेट उघडून दिलं. त्याने आत पाहिलं. हिरव्या रंगात घासलेला तो गोल पत्रा लखलखत होता. त्याने माझ्याकडे न बघता किल्ली फिरवली, टकटक ऐकली आणि बॉनेट हळूच बंद केलं.

"चौकात बोलला व्हता," तो म्हणाला, "चौकातच सांगा. मला दुसरं काय नको."

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. दौलतराव तिथे होते, चार माणसं होती. मी चहा प्यालो, कांद्याच्या बाजारावर बोललो आणि परत आलो. पुढे दिवाळीपर्यंत रोज असाच गेलो आणि असाच परत आलो. दुर्गाबाई दारातून माझं तोंड बघायची आणि आत जायची.

दिवाळी संपल्यावर युनूसने शेड रिकामी केली. तो बायकोला, झुलेखाला घेऊन तिच्या भावाकडे नगरला निघाला होता. चौकात हत्यारांची पेटी एस.टी.च्या टपावर चढवताना त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पेटीला हात लावला नाही. गाडी वळणाआड गेली, आणि तेव्हा मात्र माझं तोंड उघडलं.

"पंप नवाच होता," मी चौकात सांगितलं. "चूक माझी होती. त्याने सांगितलेलं मी ऐकलं नाही, आणि वर त्यालाच चोर ठरवलं."

दौलतराव उठून जवळ आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बघा रे," ते सगळ्यांना म्हणाले, "याला म्हणायचं मोठं मन. फसवून गेलेल्या माणसाचं पाप स्वतःवर घेतोय."

लोकांनी माना डोलावल्या. मी परत परत सांगत राहिलो, आणि जितकं सांगितलं तितकी त्या चौकात माझी अब्रू वाढत गेली.