त्याआधी काय बदललं होतं?

“आठ महिने. आठ महिन्यांत मोडलेलं हाड जुळून येतं, आणि हिला एवढीशी पट्टी बसवता येत नाही. माणूस बोलव म्हटलं तर नको. पुस्तक वाचून शिकली म्हणे. मेलं पुस्तक तरी नीट वाचलं होतं की नाही, कोण जाणे.”

हे आपण मनातल्या मनात म्हणतोय, असं आईला वाटतं. ऐकू येईनासं झाल्यापासून तिच्या मनातलं सगळं असंच खणखणीत बाहेर पडतं, आणि दिवाणाशेजारी चटईवर आडवी झालेली कुमुद ते दोन हातांवरून ऐकून घेते.

मिरजेतली रविवारची दुपार आहे. कुमुदच्या उशाशी कॉम्प्युटरची पेटी, तिचा एका बाजूचा पत्रा काढलेला. कुमुदच्या मुठीत इंटरनेट जोडणारं नेटवर्क कार्ड: तळहाताएवढी हिरवी पट्टी, खाली सोनेरी दातांची रांग. या कार्डाला काहीही झालेलं नाही. ते बिघडलंय असं कुमुदनं सांगितलंय, इतकंच. आठ महिन्यांपूर्वी एका गुरुवारी तिचा धाकटा भाऊ जयवंत तिकडे मस्कतला ऑफिसचा जिना उतरता उतरता वारला. आणि रविवारी अकरा वाजता आई केस विंचरून, इस्त्रीचं पातळ नेसून पडद्यासमोर यायची ती येणारच होती. फोन तिच्या कामाचा नाही. कॉम्प्युटरवर मात्र मोठे हेडफोन लावून आवाज पुरता चढवला की तिला जयूचं निम्मं कळायचं, उरलेलं ती त्याच्या चेहऱ्यावरून भरून घ्यायची. तिच्या हृदयाची तपासणी नुकतीच झालेली. “तिला धक्का सोसणार नाही, तूर्त सांगू नका,” असं मधूमामानं सांगलीहून बजावलं. मग आई स्वयंपाकघरात होती तेवढ्यात कुमुदनं पेटी उघडली आणि कार्ड खाचेतून अर्धं उपसून ठेवलं.

तेव्हापासून दर रविवारी ती आईसमोर दुरुस्ती करते. दात खोडरबरानं पुसते, कार्ड या खाचेतलं त्या खाचेत घालते, नुसतं टेकवते, दाबत नाही. मग पेटीमागे हिरवा दिवा लागला का, हे बघायला दोघी वाकतात. दिवा लागत नाही. आई “हं” म्हणते आणि दिवाणावर जाऊन बसते. जयू गेल्याचं सगळ्या गल्लीला माहीत आहे. भाजीवाल्यालासुद्धा.

आईचं पुटपुटणं छताच्या पंख्यात मिसळतं. पंखा लांब जातो.

“त्रास काय आहे?” कुणीतरी विचारतं.

पेटीच्या पलीकडे जयू मांडी घालून बसलाय. अंगात निळा शर्ट, गळ्यात ऑफिसचा पट्टा. कुमुदला त्याचं नवल वाटत नाही. इतक्या उशिरा आला याचा राग येतो, तेवढाच.

“कार्ड खराब आहे,” ती म्हणते.

“कधीपासून?”

“आठ महिने.”

“त्याआधी काय बदललं होतं?”

हा प्रश्न त्यानंच तिला शिकवलेला. मशीन आपणहून बिघडत नाही ताई, आधी काहीतरी बदललेलं असतं आणि नेमकं तेवढंच लोक सांगत नाहीत, असं तो म्हणायचा. कुमुदनं ते वहीत उतरवून घेतलं होतं.

“ओल आली होती भिंतीला,” ती म्हणते.

“आणि?”

“वायरमननं खांबावर काहीतरी केलं.”

“वायरमन मेला का?”

“जयू, शुभ बोल.”

“मला सांगते शुभ बोल!” तो नाकातून हसतो, लहानपणी हसायचा तसा. “बघू दे पेटी. पत्रा धर, कुमे.”

जिवंतपणी त्यानं तिला कधी नावानं हाक मारली नव्हती. “ताई म्हण,” ती म्हणते.

“आता मी कुणाचा धाकटा नाही,” तो म्हणतो आणि पत्रा दारासारखा ओढतो.

आत मामाच्या घरची पंगत बसली आहे. सगळे माना खाली घालून जेवतायत. मामा वाढतोय. एका पाटापुढे पान नाही, जयू त्या पाटावर जाऊन बसतो.

“माझं तेरावं,” तो कौतुकानं म्हणतो. “भाजी छान झाली होती म्हणे. तू आईला काय सांगून आली होतीस?”

“मामाच्या सुनेचं डोहाळजेवण आहे म्हणून.”

“आणि निघताना पिशवीत काय घातलंस?”

कुमुद पिशवी पदराआड घेते. पिशवी जड होते. “मामीनं लाडू दिले दोन. नको म्हणायचं सुचलं नाही.”

“आईनं खाल्ला?”

“अर्धा.”

“माझ्या तेराव्याचा लाडू! काय म्हणाली?”

“जाऊ दे ना.”

“सांग की.”

“तुपाला वास येतोय म्हणाली.”

जयू इतका हसतो की त्याला पाट सोडून उठावं लागतं. पंगतीतलं कुणी मान वर करत नाही. कुमुदलाही हसू येतं आणि ते आल्याची तिला इतकी लाज वाटते की ती हातातल्या पानाकडे बघत राहते. पान कागदाचं आहे. त्यावर आईला दाखवायला तिनंच टाइप केलेला मजकूर आहे आणि खाली तिनंच काढलेली जयूची सही.

तो कागद तिच्या हातून घेतो. “‘तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. इकडे मी खुशाल. ताईच्या गुडघ्यांची काळजी वाटते.’ मी कधी विचारलं तुझ्या गुडघ्यांचं?”

“नाही.”

“जिता होतो तेव्हा? एकदा तरी?”

“नाही रे.”

“‘ताई तुझ्याजवळ आहे म्हणून मला घोर नाही.’ हे मी म्हणतो?”

“म्हणायला हवं होतंस.”

“मेल्यावर फारच गुणी झालोय मी.” तो कागदाची घडी घालून खिशात ठेवतो. “हे काय, ‘इकडे उकाडा फार आहे’?”

कुमुदच्या तोंडातून वाफ येते. ते एका लांब, थंड बोळात उभे आहेत. दोन्ही भिंतींना लोखंडी खण आहेत, माणसाच्या लांबीचे. जयू त्यातल्या एकावर टिचकी मारतो.

“इथं होतो पाच दिवस. तुझी भावजय नीलिमा माझे कागद गोळा करत या ऑफिसातून त्या ऑफिसात हिंडत होती. तू पहिलं पत्र टाइप करत होतीस.”

“एकटा होतास?”

“शेजार होता की. बोलत कुणी नव्हतं.”

ती त्याच्या बाहीला हात लावायला जाते. बाही ओली गार आहे. “आईचं हृदय नाजूक आहे, जयू. डॉक्टर म्हणाले.”

“आईनं बाबांना पोचवलं. आपल्या आधीचा तो दोन महिन्यांचा, त्याला पोचवलं. आणि दुसऱ्या दिवशी चूल पेटवली. तू आईच्या हृदयाला भीत नाहीस.”

“मग कशाला?”

“तू सांगितलंस की ती मान वर करेल. तुझ्याकडे बघेल. आणि तिच्या तोंडावर तुला दिसेल, हीच कशी राहिली.”

बोळात दूर कुठंतरी एक खण सरकतो आणि बंद होतो.

“असं बोलू नये रे,” कुमुद म्हणते. तिचा आवाज अगदी बारीक येतो.

“का? आता मला कोण मारणार आहे?”

“तीस वर्षं तिचं मी करते. औषधं, आंघोळ, बाहेरचं. तू आठवड्यातून अर्धा तास दिसायचास.”

“म्हणूनच तर,” जयू म्हणतो. हे तो चेष्टेत म्हणत नाही. त्यानं चेष्टेत म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटतं.

बोळ संपतो तिथं बैठकीची खोली आहे, पण जमीन सगळी हिरवी, तीवर सोनेरी रेघा. मधोमध खाच. दिवाणावर आई पाठमोरी बसली आहे, छताइतकी उंच. जयू कुमुदचा अंगठा धरून कार्डाच्या कडेवर ठेवतो.

“दाब.”

“मोडेल.”

“आठ महिने नुसतं टेकवून ठेवलंस. दाब.”

“दुखतंय जयू.”

“दुखू दे.”

टक् असा आवाज होतो आणि पायाखालची सगळी जमीन एका बोटानं खाली बसते.

“झालं,” तो हात झटकतो. “आता दिवा लागेल. ती म्हणेल, लाव त्याला. मग काय करशील? पत्र लिहिशील माझ्या नावानं? ‘तीर्थरूप आईस, मी वारलो, काळजी नसावी’?”

“सांगीन. जवळ बसून, पाठीवर हात ठेवून. हळूच सांगीन.”

“हळू बोललेलं तिला ऐकू येतं का?”

भांडी घासताना, गोळ्या मोजताना कुमुदनं ते वाक्य शंभरदा मनात रचलं आहे. पण रचलं ते प्रत्येक वेळी कुजबुजत्या आवाजातच.

“ओरडावं लागणार तुला,” जयू म्हणतो. “खिडकीतून हाका मारतात तसं. आणि पहिल्या खेपेला तिला कळणारच नाही. पुन्हा ओरडावं लागेल. म्हण बघू एकदा.”

ती तोंड उघडते. आत फक्त रबराची चव आहे.

“तू सांग ना रे. तुझं ऐकते ती.”

“माझं कार्ड खराब आहे,” जयू म्हणतो. मग तिच्या हातात नुसता अंगठाच उरतो. तिचाच.

“कुमे! ए कुमे! ऊठ बघू.”

आई काठीनं तिच्या पायाला डिवचते आहे. पंखा गरगरतोय. कुमुद उठून बसते. मूठ रिकामी आहे. उजव्या अंगठ्याच्या पेरावर सरळ, खोल खाच उमटली आहे, तिच्या टोकाशी कातडं फाटून रक्ताचा थेंब आलेला. कार्ड पेटीत आहे. इतकं खोल बसलंय की सोनेरी दात दिसतसुद्धा नाहीत, आणि वरचा स्क्रूही आवळलेला आहे. भिंतीवरचं बटण चालू आहे. ते आपण कधी दाबलं, हे तिला आठवत नाही.

“दिवा लागला की गं!” आई काठी टाकून पेटीमागे वाकली आहे. “जमलं बघ तुला. उगीच बोलले मी.” ती दिवाणावर येऊन बसते, तळव्यानं केस बसवते, पदर सारखा करते, चष्मा पदरानंच पुसते. “लाव त्याला. जेवून बसला असेल. आधी मी बोलणार हं, तू मध्ये मध्ये करू नकोस.”

बटण कुमुदच्या हाताच्या अंतरावर आहे. ते दाबलं की दिवा जाईल. अर्थिंग म्हणायचं, ओल म्हणायचं. पुढच्या रविवारपर्यंत निभेल. ती हात वर नेते, बटणावर ठेवते, आणि काढून घेते.

“आई,” ती म्हणते. “जयू नाही बोलणार.”

“काय?” आई कानामागे हात धरते.

“आई, जयू आता...” आवाज मध्येच फाटतो.

“मोठ्यानं बोल की. जन्माची सवय तुझी, तोंडातल्या तोंडात बोलायची.”

खिडकी उघडी आहे. समोर मुलाणी वहिनींचा मिक्सर चालू होता, तो थांबतो. कुमुद गुडघ्यांवर सरकत दिवाणाशी जाते, आईचे दोन्ही हात आपल्या हातांत घेते. आईच्या मनगटाला अंगठ्याचं रक्त लागतं. आई हसऱ्या तोंडानं तिच्याकडे बघते आहे. कुमुद नजर काढत नाही. ती छातीभर श्वास घेते आणि साऱ्या गल्लीला जाईल अशा आवाजात ओरडते,

“आई, जयू वारला! आपला जयू वारला गं, आठ महिन्यांपूर्वी!”