डासिणीचं सोवळं

आमच्या घरकामाच्या बाईला डेंगी झाला, तेव्हा मी फोनवरच निदान करून टाकलं. ती राहते घाटकोपरला, डोंगरउतारावरच्या वस्तीत, गल्लीच्या तोंडाशी उघडा नाला. मी राहते खाली सोसायटीत, जाळीच्या खिडक्यांमागे. बरं वाटतंय का, हे विचारायचं सोडून मी म्हणाले, "तरी सांगत होते, तिकडे केवढी घाण! आता ठणठणीत झाल्याशिवाय येऊ नकोस. इथे पसरायला नको." ती "हो ताई" म्हणाली.

तिसऱ्या दिवशी महापालिकेचा माणूस टॉर्च घेऊन दारात उभा. आमच्या वरच्या मजल्यावर महिन्याभरात दोघांना डेंगी झाला होता. मी त्याला ऐटीत आत घेतलं. त्याने मनीप्लांटची बाटली पाहिली, कुंड्यांखालच्या बश्या पाहिल्या आणि मान डोलावली. मी फुगले. मग तो म्हणाला, "मॅडम, फ्रिज जरा पुढे घेऊ?"

फ्रिजच्या पाठीमागे खाली एक ट्रे असतो. वीस वर्षं संसार करून मला याचा पत्ता नव्हता. ट्रेमध्ये नितळ पाणी, आणि पाण्यात अळ्या वळवळतायत.

"एडिस. डेंगीची डासीण," तो म्हणाला. "हिला नाल्याचं पाणी चालत नाही. साफ लागतं, साचलेलं. चावते दिवसा, आणि लांब काय उडत नाही."

म्हणजे हिचं सोवळं माझ्यापेक्षा कडक! पायांवर पांढरे पट्टे, जेवण भरदिवसा, मुक्काम माझ्या स्वयंपाकघरात. आणि मी बसले होते नाल्याला शिव्या घालत.

तरी मी हटले नाही. "पण आमच्या बाईला तर वर डोंगरावरच्या वस्तीत झाला ना!"

"परवाच फिरलो तिथे. दुसरी एक पण केस नाही." त्याने ट्रे मोरीत रिकामा केला. "ती दिवसा कुठे असते?"

सकाळी आठ ते दुपारी दोन ती माझ्याच ओट्यापाशी असते. डास नक्की कुठे चावला हे देवही सांगू शकणार नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला फोन करायचं मी रोज ठरवलं आणि रोज टाळलं.

पंधरा दिवसांनी ती आली. गालफडं बसलेली, लिफ्टने येऊनही धाप लागलेली. चप्पल काढायच्या आधी तिने दाराच्या चौकटीला धरून विचारलं, "ताई, माझ्यामुळे घरात कोणाला काय झालं नाय ना? पडल्या पडल्या तीच काळजी."

"नाही गं," मी म्हणाले. तेवढंच खरं बोलायची हिंमत झाली.