आलोशियसभाऊंची वीस फुटी शिडी

आलोशियसभाऊ उद्या सकाळी आठ वाजता वालीवच्या एका कारखान्यात वीस फुटी शिडीवर चढणार आहेत. छताखाली सोळा कॅमेरे लावायचे आहेत. भाऊंना डाव्या बाजूचं दिसत नाही. हे कारखान्याच्या मालकाला माहीत नाही, शिडी धरणाऱ्या माणसाला माहीत नाही आणि भाऊंच्या मुलीलाही माहीत नाही. मला माहीत आहे. मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, आणि या पदामुळे माणसाला नको त्या गोष्टी कळतात.

विलास साडेदहालाच झोपले. झोपण्यापूर्वी म्हणाले, "आपल्या मुलीची काळजी पुरेनाशी झाली, म्हणून तू आता लोकांच्या वडिलांची करायला लागलीस." नवरा म्हणून त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण झोप काही येत नाही.

भाऊ आमच्याकडे पहिल्यांदा आले ते दोन हजार सातच्या दिवाळीनंतर. फुलपाड्यातली आमची इमारत दोन विंगची, बत्तीस बिऱ्हाडांची. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे, उरलेलं टँकरने. ए विंगची टाकी भरायची आणि बी विंगची अर्धीच राहायची. तळमजल्यावर पंपाच्या खोलीबाहेर बी विंगचा व्हॉल्व्ह आहे. तो कोणीतरी मुद्दाम बंद करतं, अशी बी विंगची खात्री होती. कोण करतं याबद्दल सोळा घरांत सोळा नावं होती. शेवटी कॅमेरे लावायचे ठरले.

माझं कारण वेगळं होतं. माझी मुलगी ऋतिका तेव्हा बारावीला होती. क्लासहून यायला नऊ वाजायचे, आणि नेमकं लोडशेडिंग असलं की जिना काळाकुट्ट. मला जिन्यात कॅमेरा हवा होता.

आधी दोन दुकानदार येऊन गेले. दोघांनीही पाच मिनिटांत आठ कॅमेरे सांगितले. तिसरे आलोशियसभाऊ. वय सत्तावन्न, अंगात खिशाखिशांचा शर्ट, एका खिशात टेस्टर, दुसऱ्यात चष्मा. त्यांनी एक खुर्ची मागितली आणि आवारात तासभर बसून राहिले. काही केलं नाही. कोण कुठून येतं, कुठे थांबतं, ऊन कुठून पडतं, तेवढं बघत बसले. चेअरमन परुळेकरांनी मला खिडकीतून खूण करून विचारलं, हा माणूस काम करतोय की नाही?

मग त्यांनी कमिटीच्या अकरा जणांना एकेक कागद दिला. "काय झाल्यावर, कोनाचं तोंड, कुठे बघायचं हाय, ते लिहा. एका ओळीत."

सात जणांनी 'सुरक्षेसाठी' असं लिहिलं. ते सात कागद भाऊंनी परत दिले. एकाने लिहिलं, माझा पेपर कोण नेतो. परुळेकरांनी लिहिलं, बी विंग. मी जिना लिहिला.

"जिन्यात बल्ब हाय?" त्यांनी मला विचारलं.

"आहे. पण लाइट गेल्यावर…"

"लाइट गेल्यावर बल्ब गेला तसा कॅमेरा पन गेला. आधी इन्व्हर्टर लाव, त्याच्यावर जिन्यातले बल्ब टाक, मग रेकॉर्डिंगचं मशीन टाक. उजेड असला तर पोरगी नीट घरी येईल. कॅमेऱ्याने ती घरी येत नाय, बाय. ती आली नाय एवढंच तो नंतर सांगतो."

भाऊ पाचूबंदरचे. तिथल्या कोळीवाड्यात मुलीला, सुनेला, शेजारणीला, सगळ्यांनाच बाय म्हणतात. मला आवडलं नव्हतं ते हे संबोधन नव्हे, शेवटचं वाक्य. रात्री ऋतिका येईपर्यंत मी जिन्यात उभी राहिले. पण आठवड्याभरात इन्व्हर्टर आला.

आठाचे तीन कॅमेरे झाले. गेट, व्हॉल्व्ह आणि जिन्याचं तोंड. परुळेकरांना वाईट वाटलं. शेजारच्या सोसायटीत सहा होते.

"आठ लावतो की," भाऊ म्हणाले. "पन बघनार कोन? त्याच्यासाठी एक मानूस ठेवावा लागेल."

"बरं, निदान उंच तरी लावा. कोणाचा हात पोचायला नको."

"उंचावरून टकलं दिसतील, साहेब. टकलावरून मानूस ओळखायचा म्हटलं तर तुमच्या कमिटीत पंचाईत हाय."

परुळेकरांनी डोक्यावरून हात फिरवला आणि साडेआठ फूट उंची मंजूर केली.

त्यांचं काम पाहणं हे एक शिक्षण होतं. गेटचा कॅमेरा त्यांनी पश्चिमेकडे तोंड करून लावला नाही. संध्याकाळचं ऊन समोरून आलं की येणाऱ्याचं तोंड काळं दिसतं म्हणाले. वायर एकसलग घेतली, मध्ये कुठेही जोड नाही. टोकांना टेप गुंडाळली, कारण खारी हवा इथपर्यंत येते आणि पितळ खाते. रेकॉर्डिंगचं मशीन वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवू दिलं नाही. "चोर पहिलं मशीन उचलील आनि मग निवांत चोरी करील." ते ऑफिसच्या कपाटात गेलं, कपाटाला भोकं पाडून, कारण मशीन तापतं. मशीनचं घड्याळ रेडिओच्या वेळेशी जुळवलं. पासवर्ड दोघांना दिला, एकाला नाही. एकटा माणूस गावाला जातो. तळमजल्याच्या एका घराची खिडकी जिन्याच्या कॅमेऱ्यात येत होती, तर त्यांनी कॅमेरा काढून पुन्हा दीड फूट सरकवला. कोणी तक्रार केली नव्हती. आणि सगळं झाल्यावर वर्तमानपत्राचं पान हातात धरून ते स्वतः प्रत्येक कॅमेऱ्यासमोरून दोनदा चालले, एकदा उन्हात, एकदा दिवे लागल्यावर. ऑफिसात येऊन बघितलं की मथळा वाचता येतो की नाही. तिन्हींत आला.

मला बजावलं, "दर शनिवारी दहा मिनटं मागचं लावून बघ. लोक कॅमेरा लावतात आनि विसरतात. चोरी झाली की मग कळतं की मशीन तीन महिने बंद हाय."

व्हॉल्व्हचं कोडं चौथ्या दिवशी सुटलं. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी वॉचमन आला, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, पंप लावला आणि गेला. पाच वीसला बनियनमधले परुळेकर आले. वॉचमनवर त्यांचा विश्वास नव्हता. व्हॉल्व्ह नीट उघडलाय ना, याची खात्री म्हणून त्यांनी चाकाला आणखी दोन वेढे दिले. उजवीकडे. उजवीकडे तो बंद होतो. दीड वर्ष ते रोज पहाटे उठून बी विंगचं पाणी तोडत होते, बी विंगसाठीच. ते स्वतः बी विंगला राहतात.

परुळेकरांनी मला बाजूला घेऊन विचारलं की हे पुसता येईल का. मी भाऊंना फोन केला.

"दहा दिवसांनी आपोआप पुसलं जातं, बाय. तेवढे दिवस त्यांना गावाला धाड."

ते खरंच सावंतवाडीला जाऊन आले.

पण ती पहाट शोधताना मी मशीन फार मागे नेलं होतं. बसवण्याच्या दिवसापर्यंत. तिथे भाऊ वर्तमानपत्राचं पान घेऊन चालताना दिसले. सरळ चालत आले आणि भिंतीलगत उभ्या स्कूटरवर आदळले. स्कूटर चांगली लाल, भर उन्हात. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, स्कूटर सावरली, पुढे गेले. थोड्या वेळाने शिडीवरून उतरताना डावा पाय पायरीच्या बाजूला हवेत तीनदा चाचपडला. पडद्यावर उजवं डावं होतं, म्हणून मी खुर्चीत बसून स्वतःचे हात हलवून बघितलं. डावाच. दमले असतील, असं मी तेव्हा ठरवलं. दमलेला माणूस दोन्ही बाजूंना आदळतो, हे मला नंतर सुचलं.

त्यानंतर ते महिन्यातून एकदा जाळी झाडायला यायचे. कॅमेऱ्याच्या रात्रीच्या उजेडाला किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, आणि मग आठवडाभर पडद्यावर फक्त कोळी दिसतो. येताना ते रिक्षाने यायला लागले होते. स्वतःची स्कूटर विकली म्हणाले. पेट्रोल परवडत नाही. रिक्षा स्कूटरपेक्षा महाग पडते.

चहा पिताना ते त्यांचं सांगायचे. वडिलांची मच्छीमारीची होडी होती. भाऊ तिच्यावर तीनदा गेले आणि तिन्ही वेळा त्यांना बोट लागली, उलट्या थांबेनात. कोळ्याच्या पोराला बोट लागते म्हटल्यावर गाव हसलं. बापाने किनाऱ्यावर उतरवलं ते कायमचं. मग वसईला एका दुकानात रेडिओ दुरुस्ती शिकले, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही. टीव्ही आला तसा अँटेना आला आणि अँटेनाबरोबर शिडी. तेव्हापासून तीस वर्षं शिडीवर. वसईपासून विरारपर्यंत ज्या छपरावर ते चढले नाहीत असं छप्पर आपल्याला आठवत नाही म्हणतात. बायको, विनी, चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी बेला मुंबईला एका रुग्णालयात नर्स आहे. "ती कमावते, मला बस म्हनते. बसून काय करू? पानी बघत बसू?"

गेल्या गुरुवारी ते आले तेव्हा मी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि बिस्किटांची बशी डावीकडे, कोपराशी. मुद्दाम. त्यांनी कप उचलला, आणि कोपराने बशी खाली गेली. फुटली. सहाच्या संचातली होती. पण ठेवली मीच होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"भाऊ, मी तुमचं रेकॉर्डिंग पाहिलंय. लाल स्कूटर."

ते तुकडे गोळा करायला वाकले. उजवीकडचे सगळे उचलले. डावीकडचे तिथेच राहिले.

"दहा दिवसांनी पुसलं जातं ना ते?"

"त्याआधी बघितलं."

"तू एकटीच बघतेस, बाय. एवढ्या ठिकानी लावले, कोन नंतर बघत नाय. मला वाटलं इथे पन कोन बघनार नाय."

मग सांगितलं. काचबिंदू. दोन वर्षं झाली. दोन्ही डोळ्यांत आहे, डाव्यात जास्त. कडेकडेने आत येतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलेलं परत येणार नाही. थेंब रोज घातले तर राहिलेलं राहील.

"आणि घालता?"

"घालतो की. आठवन झाली तर."

"बेलाला माहीत आहे?"

"ती येते ती झोपायला. तिला सांगितलं तर पहिली माझी शिडी विकील." मग म्हणाले, "वालीवचं काम मोठं हाय. एवढं होऊ दे. मग मी सोता सांगतो. तू नको सांगू."

"दुसऱ्या कोणाला तरी चढवा. तुम्ही खाली उभं राहून सांगा."

"दुसरा लावील तो दुसऱ्याचा कॅमेरा झाला."

"आणि पडलात तर?"

"तीस वर्षांत पडलो नाय. वायर मला हाताला समजते."

मी बरं म्हणाले. भिडेने म्हणाले. त्यानंतर तीन दिवस मी त्या 'बरं'चं काय करायचं ते बघते आहे. शुक्रवारी वाटलं, आपल्याला काय अधिकार? शनिवारी वाटलं, ते जाणते आहेत. आज दुपारी न राहवून त्यांना फोन केला, म्हटलं, निदान उद्याचा दिवस पुढे ढकला, आधी डॉक्टरांना भेटा. भाऊ हसले. "शिडी पोचली पन, बाय. कारखान्यात भिंतीला टेकून उभी हाय. सकाळी साडेसहाला टेम्पोवाला मला घ्यायला येतो."

त्यांच्या हातचे कॅमेरे मी वापरते, म्हणून मला हे नक्की माहीत आहे: शिडीवरून उतरताना त्यांचा डावा पाय हवेत तीनदा चाचपडतो. आमच्याकडे शिडी आठ फुटांची होती. तिसऱ्यांदा पायरी लागली. हे सहा महिन्यांपूर्वीचं आहे, आणि काचबिंदू थांबत नाही.

मी सांगितलं तर सोळा कॅमेऱ्यांचं काम जाईल. बहुधा पुढचंही सगळं जाईल, कारण वालीवच्या कारखानदारांत बातमी लवकर फिरते. ते माझ्याशी बोलणार नाहीत. जाळी झाडायला दुसरा कोणीतरी येईल आणि मथळा वाचता येतो का ते बघणार नाही. हे सगळं खरं आहे. आणि ऋतिकाबद्दल असं काही एखाद्या बाईला माहीत असतं, आणि ती भिडेखातर गप्प बसली असती, तर मी त्या बाईला जन्मभर सोडलं नसतं.

भाऊंच्या बिलावर दोन नंबर छापलेले आहेत. दुसरा बेलाचा; "मी शिडीवर असलो की तिला निरोप द्या," असं ते गिऱ्हाइकांना सांगतात. तिची या आठवड्यात रात्रपाळी आहे, हे भाऊंनीच दुपारी फोनवर सांगितलं. ती सातला सुटते आणि भाऊ साडेसहाला निघतात, म्हणजे सकाळी फोन करून उपयोग नाही. आता एक वाजून दहा मिनिटं झाली आहेत. ती वॉर्डमध्ये जागी असेल. इतक्या रात्री अनोळखी नंबरावरून फोन आला तर घाबरेल, म्हणून आधी मी कोण ते सांगेन, मग वडील घरी सुखरूप आहेत हे सांगेन, आणि मग बाकीचं.

विलासना उठवत नाही. फोन हॉलमध्ये आहे. मी बेलाला फोन लावते.