दाराबाहेरच्या चपला

हडपसरच्या चित्रपटगृहात सिनेमाचं पत्रक हातात आलं आणि शाईच्या ताज्या वासानं मी थेट लहानपणी पाहिलेल्या एका घरात पोचले. आई चळवळीतली, त्यामुळे मी पत्रकांतच वाढले. एका सभेच्या पत्रकावर सही मागायला आई मला घेऊन एका बालसाहित्यिकांकडे गेली होती.

"ते लिहितायत. सही संध्याकाळी मिळेल, चहा आत्ता," त्यांच्या बायकोनं सांगितलं.

लेखकांच्या बंद दाराबाहेर त्यांच्या चपला होत्या. शेजारी त्यांची माझ्याएवढी मुलगी बसली होती.

"चपला बाहेर असल्या की हाक मारायची नाही," ती कुजबुजली.

"गोष्टी तुलाच आधी ऐकायला मिळत असतील ना?"

"छे गं! छापून आल्या की वाचते."

तरी मला तिचा हेवाच वाटला होता.

आता पडद्यावर त्याच लेखकांची कहाणी होती. दार सताड उघडं, मुलगी बाबांच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकतेय. मी संतापले. या खोटेपणावर लिहायचंच, असं ठरवलं. शेवटी नावं आली, तेव्हा कळलं की पटकथा दाराबाहेर बसलेल्या त्या मुलीचीच होती.

लेख अजून लिहिलेला नाही. ते उघडं दार तिला आठवलं होतं की हवं होतं, एवढं आधी तिला विचारायचंय.